ताई, हे घेऊ का?

वाचकांचे प्रश्न आणि दुरुस्तीच्या टेबलावरून उत्तरं

प्रश्न : ताई, मी नागपुरात त्रिमूर्तीनगरला राहते आणि नोकरी काटोलला. रोज एसटीनं येणंजाणं, एका बाजूला दीडेक तास. खात्याची परीक्षा द्यायची आहे. तिची व्हिडिओ लेक्चर्स मैत्रिणीनं पेनड्राइव्हवर दिली. शिवाय मला येताजाता नाट्यगीतं लागतात. सगळं फोनवर केलं तर संध्याकाळपर्यंत फोन मान टाकतो, आणि फोन लागला नाही की सासूबाई घरात येरझाऱ्या घालतात. म्हणून वेगळा प्लेअर घ्यावा म्हणते. बर्डीच्या बाजारात दोन पाहिले. एक २,२०० रुपयांचा टचस्क्रीनवाला ‘एमपीफोर प्लेअर’, डब्यावर ‘१२८ जीबी’ आणि ‘एचडी’ लिहिलेलं. दुसरा नावाजलेल्या कंपनीचा, ९,००० चा, पण पडदा काडेपेटीएवढा. मुलगा म्हणतो, काही घेऊ नको, माझा जुना फोन पडून आहे तो घे. काय करू?

उत्तर : मुलाचं अर्धं ऐका. व्हिडिओपुरता त्याचा जुना फोन घ्या, गाण्यांसाठी मात्र बटणांचा साधा छोटा प्लेअर वेगळा ठेवा. आणि तो २,२०० वाला दुकानातच राहू द्या.

तुमच्यासारखीच चार पत्रं आल्यावर मी मागच्या महिन्यात मुद्दाम बर्डीवर गेले होते. काउंटरवरच्या पोट्ट्याला विचारलं, “यात व्हिडिओ चालते का?” म्हणाला, “चालते ना काकू, एचडी हाय.” मग मी पर्समधून माझी डबी काढली.

ही डबी कॅमेऱ्याच्या रोलची, काळी, राखाडी झाकणाची. माझे वडील नागपूरच्या महाल भागात टेपरेकॉर्डर दुरुस्त करायचे, ते तीत पिंच रोलर, म्हणजे टेप ओढणारी रबरी चाकं, ठेवत. आता तीत एक मेमरी कार्ड असतं आणि कार्डावर माझी प्रश्नपत्रिका. एक तासाचं फळ्यावरचं लेक्चर, ७२० पिक्सेलचं, लोकांकडे जसं येतं तसंच, काही न बदललेलं. तेच लेक्चर ४८० मध्ये लहान केलेलं. एका रागाचे दोन ट्रॅक, विलंबित आणि द्रुत, ज्यांच्या मधला तानपुरा तुटत नाही. ‘धडा १’ ते ‘धडा १२’ अशी मराठी नावं दिलेल्या बारा फाइली. आणि आमच्या गल्लीतल्या सप्ताहाचं कीर्तन, महाराजांना विचारून मीच रेकॉर्ड केलेलं, सलग तीन तास, एकच फाइल.

कार्ड घातलं. पहिलं लेक्चर लावलं, तर पडद्यावर ‘फॉरमॅट नॉट सपोर्टेड’. पोट्टा म्हणाला, “काकू, कन्व्हर्ट करा लागते.” म्हणजे घरी संगणकावर बसायचं, त्यांनी दिलेलं सॉफ्टवेअर घालायचं, एकेक लेक्चर त्यातून काढायचं, मग प्लेअरमध्ये भरायचं. तुमच्याकडे चाळीस लेक्चर्स असतील तर परीक्षा होऊन निकाल लागेल. दुसरं, लहान केलेलं, ते चाललं. पण मास्तर बोलून थांबले तरी ओठ हलतच होते.

इथे एक गैरसमज काढून टाकते. एमपीथ्री झालं, आता त्याच्या पुढचं एमपीफोर, असं लोकांना वाटतं आणि विकणारेही तसंच वाटू देतात. एमपीथ्री हा आवाज दाबून लहान करायचा प्रकार आहे. एमपीफोर ही नुसती पेटी. त्या पेटीत चित्र कोणत्या पद्धतीनं बांधलंय, किती मोठं आहे, यावर ते चालणार की नाही ते ठरतं. आजकालची बहुतेक लेक्चर्स एच २६४ नावाच्या पद्धतीत असतात, काही नवी एच २६५ मध्ये. ती उलगडायला चिप तशी लागते. या स्वस्त डब्यांतल्या कित्येक चिपा मुळात गाण्यांसाठीच्या, व्हिडिओ त्यांच्यावर वरून चिकटवलेला. तेव्हा ‘एमपीफोर चालतो का’ असं विचारूच नका. ‘माझी ही फाइल लावून दाखवा’ म्हणा. दाखवत नसतील तर दुकानाला नमस्कार.

‘एचडी’चंही तसंच. मी पाहिलेल्याचा पडदा २.४ इंचाचा, आडवे ठिपके ३२०. त्यात एचडी फाइल चालली असती तरी दिसली ३२० नंच असती. फळ्यावर मास्तरांनी व्याजाचं सूत्र लिहिलं होतं, मला त्यात फक्त तीन मुंग्या दिसल्या. प्लेअर जरा तिरपा केला तर काळा फळा पांढरा आणि मास्तर निळे. या जातीच्या पडद्यांना समोरूनच बघावं लागतं, आणि कळमेश्वरच्या पुढे एसटीत तुम्ही समोरून किती वेळ काय बघू शकाल, ते तुम्हाला जास्त ठाऊक.

पुढे मराठी नावं. ‘धडा’च्या जागी चौकोन, चौकोन, एक. देवनागरी अक्षरंच त्यात भरलेली नव्हती. नाट्यगीतांची नावं तुम्ही मराठीत लिहिली असतील तर तुम्हालाही हेच चौकोन दिसतील. शिवाय क्रम : एक, दहा, अकरा, बारा, मग दोन. यावर उपाय सोपा आहे, आकडे ०१, ०२ असे लिहायचे. पण प्लेअर किती डोक्याचा आहे ते यातून कळतं. कीर्तन लावलं, मधोमध नेलं, बंद केला, पुन्हा चालू केला, तर महाराज परत मंगलाचरणावर. रोज दीड तास ऐकून उतरणाऱ्या माणसाला हा दोष सगळ्यात जास्त छळतो, आणि डब्यावर याबद्दल चकार शब्द नसतो.

रागाच्या दोन ट्रॅकमध्ये त्यानं सेकंदभर मूग गिळले. नाट्यगीतं सुटी सुटी असतात, त्यामुळे तुम्हाला याचा त्रास नाही. पण अखंड मैफल दोन फाइलींत असेल तर तो एक सेकंद कानाला खड्यासारखा लागतो.

आता ९,००० वाला. त्यावर माझं कीर्तन जिथे सोडलं तिथूनच सुरू झालं, तानपुरा तुटला नाही, मराठी नावं नीट आली. इअरफोन लावून काहीच न वाजवता ऐकलं तर बारीकसा सूं आवाजही नाही. ही परीक्षा तुम्हीही करा : गाणं थांबवा, आवाज निम्मा ठेवा आणि ऐका. स्वस्त यंत्रात त्या शांततेत एक बारीक फुसफुस असते, पडदा पेटला की तिचा सूर बदलतो. यात ते काही नव्हतं. चांगली वस्तू आहे. पण तुम्ही घेऊ नका, आणि कारण पैशाचं नाही. त्याची खरी मजा मोठ्या, न दाबलेल्या फाइलींत, शांत खोलीत, बऱ्या इअरफोनवर. एसटीच्या इंजिनावर कोणती फाइल ३२० किलोबिटची एमपीथ्री आणि कोणती सीडीच्या तोडीची, हे मलाही ओळखता येत नाही, आणि माझे कान आयुष्यभर याच धंद्यात गेले. लेक्चरला तर तो पडदा कामाचाच नाही.

मुलाचा फोन घेण्याआधी काचेच्या टेबलावर पाठीवर ठेवा आणि एका कोपऱ्याला बोटानं हलकं ढकला. जागच्या जागी भोवऱ्यासारखा फिरला तर आत बॅटरी फुगली आहे. असा फोन चार्जिंगला लावायचा नाही, आधी बॅटरी बदलून घ्यायची. सपाट बसला तर पुढचं सोपं. सिम काढा, एरोप्लेन मोड लावा, नको ती ॲप्स उडवा, व्हीएलसी हे व्हिडिओ लावायचं ॲप घाला. ते फुकट आहे, जाहिराती नाहीत, मास्तर सावकाश बोलत असतील तर सव्वापट वेगानं लावता येतं. सुटं कार्ड घालायची सोय आहे का तेही बघा, नसेल तर आतल्या जागेचा हिशेब करा. ४८० चं लेक्चर तासाला साधारण ४५० एमबी खातं, ७२० चं एक जीबीच्या आसपास. फळा वाचायला फोनवर ४८० पुरतं. गाण्यांचं काय, सेकंदाला १२८ किलोबिटच्या दरानं तासाला ५८ एमबी, ३२० च्या दरानं १४४. त्या मानानं गाणी फुकटच.

बॅटरीचे तास मात्र डब्यावरून किंवा मुलाच्या आठवणीवरून धरू नका. कंपनीनं लिहिलेले तास बहुधा पडदा बंद, गाणं एमपीथ्री, आवाज मध्यम असे असतात. रविवारी घरी पूर्ण चार्ज करा, उजेड निम्मा ठेवा, लेक्चर लावून स्वयंपाकाला लागा. दोन तासांनी बघा किती उरली. तुमचं येणंजाणं मिळून तीन तासांचं आहे, तेवढं निघालं की झालं.

एक जाता जाता. काटोल नागपूरच्या वायव्येला. सकाळी जाताना ऊन उजव्या अंगाला किंवा पाठीवर, संध्याकाळी येताना पुन्हा उजव्याच अंगाला. म्हणजे दोन्ही वेळा बहुधा ड्रायव्हरच्या बाजूनं. दरवाजाच्या बाजूची खिडकी धरा, पडदा निम्म्या उजेडावर वाचता येईल आणि बॅटरी आपोआप वाचेल.

मग गाण्यांसाठी वेगळा प्लेअर कशाला? कारण संध्याकाळी काटोलच्या स्टँडवर तुम्ही एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात सुटे पैसे घेऊन उभ्या असता. त्या वेळी काचेवर बोट घासून गाणं बदलता येत नाही. ओढणीखाली हात घालून, न बघता, अंगठ्याला ‘पुढचं’ बटण सापडलं पाहिजे. म्हणून उंच, कडक, वेगवेगळी बटणं बघा आणि दुकानात डोळे मिटून दाबून पाहा. लोक हसतील, हसू द्या. पडदा कितीही लहान चालेल, पडदा लहान म्हणजे बॅटरी जास्त टिकते. कार्ड घालायला खाच हवी. काही प्लेअर ३२ जीबीच्या पुढचं कार्ड ओळखत नाहीत, कारण ६४ पासून कार्डावरची मांडणीच बदलते. तुम्हाला ३२ भरपूर आहे, ३२० च्या दरानंही त्यात दोनशे तासांवर गाणी बसतात.

इअरफोन तारेचेच घ्या, रबरी बोंडाचे, कानात घट्ट बसणारे. बोंडानं इंजिनाचा आवाज अडला की गाण्याचा वाढवावा लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं मोठ्या माणसांसाठी मर्यादा दिली आहे ती आठवड्याला ४० तास, ८० डेसिबलपर्यंत. एसटीत उघड्या इअरफोननं इंजिनावर मात करायला गेलात तर ती कधी ओलांडली ते कळणारही नाही. ब्लूटूथ लेक्चरला लावलंत आणि ओठ-आवाजाची फारकत झाली, तर व्हीएलसीमध्ये आवाज मागेपुढे सरकवता येतो.

आता डब्यावरच्या त्या ‘१२८ जीबी’बद्दल, कारण इथे मी स्वतः पोळले आहे. काही वर्षांपूर्वी एका दुकानातून मी १२८ चं कार्ड घेतलं, निम्म्या किमतीत. निम्म्या किमतीत का, हा प्रश्न मला पडला नाही. मला! भाचीच्या लग्नाचं सगळं चित्रीकरण त्यावर भरलं आणि मुंबईला बहिणीकडे निघाले. विदर्भ एक्सप्रेसमध्ये शेजारच्या बाईंना म्हटलं, चला तुम्हाला लग्न दाखवते. हळद चालली. सीमांतपूजन चाललं. बडनेरा गेलं आणि अंतरपाट धरला तिथे चित्र गोठलं. पुढच्या सगळ्या फाइली नावानिशी हजर, आकार बरोबर, आत शून्य. त्या कार्डात खरी जागा फार थोडी होती. बाकीची ‘आहे’ असं सांगायला आतल्या चिपला शिकवलेलं. भरताना ते सगळं निमूट घेतं, खरी जागा संपल्यावर आलेलं कुठेच जात नाही. यादी पहिल्याच भागात असते म्हणून नावं तेवढी दिसतात. मंगलाष्टकं गेली ती गेली, मूळ कॅमेऱ्यावरचंही पुसून टाकलं होतं.

तेव्हापासून नवं कार्ड किंवा नवा प्लेअर आला की मी आधी तो काठोकाठ भरून परत वाचून बघते. त्यासाठी सॉफ्टवेअर असतं, विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू, मॅक-लिनक्सवर एफथ्री, दोन्ही फुकट. मोठ्या कार्डाला काही तास लागतात, रात्री लावून झोपायचं. खऱ्या ६४ च्या कार्डावर विंडोजचा संगणक ५९ च्या आसपास दाखवतो, ती फसवणूक नाही. कंपनी हजारानं मोजते, विंडोज १०२४ नं.

आणि मे महिना. लिथियमच्या बॅटरीला ४५ अंशांच्या वर चार्ज करणं मानवत नाही, आणि ४५ म्हणजे आपल्याकडे नुसती बाहेरची हवा. स्कूटीच्या डिक्कीत प्लेअर ठेवून स्कूटी दिवसभर स्टँडच्या उन्हात उभी करू नका. ठेवलाच असेल तर घरी गेल्या गेल्या चार्जरला लावू नका, माठाजवळ अर्धा तास निवू द्या. माठात नको.

प्रश्न : धरमपेठेतलं घर आवरताना बाबांचा आयपॉड क्लासिक सापडला, २००८ चा, १२० जीबी. चार्ज केला तर टिकटिक आवाज येतो आणि कधी सुरू होतो, कधी नाही. आत बाबांनी वर्षानुवर्षं जमवलेली गाणी आहेत. दुरुस्त होईल का, की शोभेला ठेवू?

उत्तर : आधी तो सारखा चालू-बंद करणं थांबवा. टिकटिक ही आतल्या हार्ड डिस्कची आहे. १.८ इंचाची फिरती तबकडी असते ती, आणि अशा आवाजानंतर तिचे दिवस मोजकेच उरलेले असतात. जी काही चार-दोन वेळा सुरू होईल ती गाणी काढून घ्यायला वापरायची.

विंडोजच्या संगणकाला जोडल्यावर तो डिस्कसारखा दिसला, तर संगणकाला ‘लपलेल्या फाइली दाखव’ म्हणा. आत ‘आयपॉड कंट्रोल’ नावाचा फोल्डर, त्यात ‘म्युझिक’, त्यात एफ००, एफ०१ असे पुष्कळ कप्पे. कप्प्यांतल्या फाइलींना चार अक्षरांची निरर्थक नावं असतील. घाबरू नका, गाण्याचं आणि गायकाचं नाव बहुतेक वेळा फाइलीच्या पोटात लिहिलेलं असतं, नंतर कोणत्याही प्लेअरमध्ये ते वर येतं. अख्खा ‘म्युझिक’ फोल्डर उचलून घ्या. एकेक निवडत, ऐकत बसू नका. आणि आयट्यून्सनं ‘रिस्टोअर करू का’ विचारलं तर नाही म्हणा, त्यानं सगळं पुसलं जातं.

गाणी हाती आली की मग दुरुस्ती. डिस्क काढून तिच्या जागी मेमरी कार्ड बसवायचे जोड मिळतात. बसवल्यावर यंत्र हलकं होतं, टिकटिक संपते, बॅटरी जास्त टिकते. पण क्लासिक उघडणं भारी किचकट. पुढचा ॲल्युमिनियमचा पत्रा आणि मागचं चकचकीत कवच आतून दातांनी असे धरलेले असतात की पहिल्यांदा उघडणारा पत्रा वाकवतोच. मीही वाकवला होता, सुदैवानं माझाच. ज्यानं आधी दोन-चार उघडलेत अशाच माणसाकडे द्या.

नवा मिळेल या आशेवर राहू नका. क्लासिक २०१४ मध्येच बंद झाला आणि २०२२ च्या मे महिन्यात कंपनीनं आयपॉडचा शेवटचा प्रकारही थांबवला. व्हिडिओसाठी त्याचा विचार करू नका, ६४० बाय ४८० च्या पुढे तो जात नाही आणि पडदा अडीच इंचाचा. गाण्यांना मात्र ते चाक अजून माझं लाडकं आहे. हजार गाण्यांच्या यादीत अंगठा गोल फिरवत हव्या त्या गाण्यावर थांबायचं, ते सुख काचेत नाही.

प्रश्न : इतवारीतून लिहितो. आजोबा ८१ वर्षांचे, फोन नको म्हणतात. भजनं आणि आकाशवाणी एवढंच हवं. ‘एफएम रेडिओ’ लिहिलेला प्लेअर घेतला, भजनं वाजतात, पण त्यांचं नेहमीचं नागपूर केंद्र लागत नाही. बदलून घेऊ का?

उत्तर : प्लेअर चांगला आहे, बदलू नका. आजोबा जे केंद्र जुन्या रेडिओवर ऐकत आले ते मीडियम वेव्हवर लागायचं, आणि खिशातल्या प्लेअरमध्ये बहुधा फक्त एफएम असतं. मीडियम वेव्हला आत अँटेना म्हणून फेराइटची कांडी लागते, ती या चपट्या डबीत मावत नाही. त्या केंद्रासाठी वेगळा लहान ट्रान्झिस्टर उशाशी ठेवा. एफएमवरही खरखर येत असेल तर इअरफोन लावलेला आहे ना ते बघा, त्याची तारच अँटेना असते. ती काढून स्पीकरवर ऐकायला गेलं की स्टेशन पळतं.

आणि चालू-बंदच्या बटणावर नेलपॉलिशचा जाड टिपका द्या. वाळला की त्यावर दुसरा. रात्रभर तसाच ठेवा, सकाळी आजोबांचा अंगठा त्यावर नेऊन दाखवा.